सनईतली शिट्टी

"त्याला हाकलणार की नाही, एवढंच सांगा, बुवा."

निनाद नगारखान्याचा जिना चढून आला तो हेच बोलत. हातातली सनई त्यानं दाजीबुवांच्या पुढ्यात ठेवली. नमस्कार राहूनच गेला.

दाजीबुवा भिंतीला पाठ टेकून बसले होते. भैरवनाथाच्या दारात त्यांनी जन्मभर सनई वाजवली. आता दात गेले, ओठांत जोर उरला नाही. म्हणून दोघे शिष्य वाजवत आणि बुवा ऐकत.

"कुणाला?"

"संभाला. माझ्या जिव्हाळीला भोक पाडलंय त्यानं."

जिव्हाळी म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवतात ती पात. वाजवणाऱ्याचे ओठ तिलाच लागतात, आणि तिला केसाएवढी चीर गेली तरी सूर नासतो. पावसाळा सरल्यापासून निनादच्या सनईत मधेच एक शिट्टी ऐकू येत होती. त्यानं जिव्हाळ्या बदलून पाहिल्या. जिव्हाळ्यांच्या पेटीला कुलूप घातलं. तरी शिट्टी जाईना. मग त्याच्या मनानं घेतलं, की हे काम संभाचंच.

उत्सव उद्यावर आला होता. पालखी देवळाबाहेर पडेपर्यंत सनई थांबायची नव्हती, आणि ती निनादला एकट्याला वाजवायची होती.

खरं तर त्याच्या पोटात दुखायला शिट्टीच्या आधीपासूनच लागलं होतं. दुखत होतं ते संभाच्या दमामुळं. सनईवाला गालांत हवा धरून ठेवतो, ती सनईत सोडता सोडताच नाकानं नवा श्वास ओढतो, म्हणून सूर तुटत नाही. संभा तो श्वास केव्हा ओढतो, हे त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या निनादलाही कळायचं नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना लोक म्हणायचे, काय दम आहे पोराचा. लोक निनादच्या बोटांबद्दलही बरंच काही म्हणायचे, पण ते त्याच्या कानात शिरत नसे. जेवताना घास तोंडात असला, तरी त्याच्या डोळ्यांपुढं संभाचे फुगलेले गाल असायचे.

"संभा," बुवांनी हाक मारली.

संभा खाली नगारा पुसत होता. तो वर आला. बुवांनी त्याची जिव्हाळी मागितली. त्यानं कनवटीच्या डबीतून नवीकोरी काढून दिली, कशाला म्हणून विचारलंदेखील नाही. निनादला त्याचा तो साळसूदपणाही टोचला.

"ही लाव. वाजव."

निनादनं सूर धरला. गाल फुगले. मग त्यानं नाकानं श्वास ओढला…

शिट्टी.

"बघा. हिलाही पाडून ठेवलंय."

"माझ्याच जिव्हाळीला?" संभा म्हणाला.

"तू काय वाटेल ते करशील."

बुवा पुढं झुकले. त्यांनी सनई निनादच्या हातातून अलगद काढून घेतली.

"आता वाजव."

"काय वाजवू? सनई तुमच्या हातात आहे."

"श्वास घे."

निनादनं घेतला.

शिट्टी वाजली. बारीक आणि अगदी स्पष्ट.

…

संभानं मान वळवली. ती दयेनं वळवली हे निनादला समजलं, आणि शिट्टीनं झाली नव्हती एवढी आग त्या दयेनं झाली.

बुवांनी संभाचा मोबाइल मागून घेतला, त्याची बॅटरी लावायला सांगितली. निनादची हनुवटी वर उचलली आणि एका नाकपुडीशी उजेड धरला.

"संभा, दुसऱ्या नाकपुडीत बघ. काय दिसतं?"

संभा वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"उजेड दिसतो, बुवा."

बुवांनी मोबाइल परत दिला आणि त्याला खाली जायला सांगितलं. जिन्यावरची पावलं विरल्यावर त्यांनी विचारलं.

"काय ओढत होतास?"

"तपकीर."

"तपकीर मी ओढतो."

…

"कोकेन," निनाद म्हणाला.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. शहरातल्या एका बँडबरोबर तो अधूनमधून वाजवायला जाई. तिथल्या गिटारवाल्यानं पुडी दिली होती. ओढ, थकवा येणार नाही, म्हणाला होता.

"पहिल्यांदा काय झालं?"

"नाक मोकळं झालं. दम पुरला. संभापेक्षा जास्त पुरला, बुवा."

हे सांगताना आत्ताही त्याच्या आवाजात थोडी ऐट आली.

"मग?"

"मग चोंदलं."

"मग?"

"मोकळं करायला पुन्हा ओढली."

पुढं नाकात खपल्या धरू लागल्या. खपली निघाली की रक्त यायचं. गाल आणि कपाळ आतून ठणकायचं, घशात घाण पाणी उतरायचं. आरतीच्या कापराचा वास येईनासा झाला. निनाद त्याला सर्दी म्हणत राहिला, कारण नाकाच्या आत दुखत असं काहीच नव्हतं. त्या पावडरीनं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त न मिळाल्यानं दोन नाकपुड्यांमधला पडदा मरत जातो, शेवटी त्याला भोक पडतं, हे निनादला कुणी सांगितलं नव्हतं. सुन्न झालेलं नाक तर सांगणारच नव्हतं.

"भरून येईल ना?"

"आपोआप येत नाही, असं मी ऐकलंय. पुढचं डॉक्टर सांगेल. पुडी आहे?"

निनादनं खिशातून काढली. बुवांनी आपली पिकदाणी त्याच्याकडं सरकवली. त्याचा हात पिकदाणीवर थांबला… मग त्यानं पुडी उलटी केली.

"उद्या सकाळी आपण दोघं तालुक्याला जायचं. नाकाचा डॉक्टर आहे तिथं."

"उद्या उत्सव आहे."

"संभा आहे."

निनाद उठला. दारापर्यंत गेला. खाली अंगणात संभा पुन्हा नगारा पुसायला बसला होता. निनाद परत फिरला. त्याचे डोळे भरले होते, पण रडणं नाकाशी येऊन अडकत होतं, आणि दर हुंदक्याला ती शिट्टी.

"शेवटी त्यालाच मिळालं सगळं. मी लहानपणापासून तुमच्या पायाशी बसलो, बुवा. तो मागाहून आला. तो दम तुम्ही मला का नाही दिलात?"

बुवांनी सनईची जिव्हाळी काढली, पुसली, बाजूला ठेवली.

"तो तुझ्या मागं बसून नुसता सूर धरायचा, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी इथं आला आणि रडला. दोन दिवस जेवला नव्हता."

"संभा? कशासाठी?"

"म्हणाला, निनादची बोटं मला द्या."

निनादनं आपल्या हातांकडं पाहिलं. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले…

"मग? तुम्ही काय दिलंत त्याला?"

"तुझ्या शेजारची जागा."