लंगड्या बदकाची एल आणि धाकूची माडी

वेळणगडच्या सरकारांनी दारूचा मग खाली ठेवला, मिशीवरचा फेस पुसला आणि हुकूम सोडला, "धाक्या, घरी पोचलो की पहिलं काम. राज्यातले सगळे माड तोडायचे आणि तिथं जव पेरायचे."

धाकूच्या घशात पावाचा तुकडा अडकला. हा धाकू भंडारी, माडावर चढून माडी, म्हणजे माडाच्या रसाची दारू, काढणारा. बापानं लावलेले चाळीस माड, एवढीच त्याची इस्टेट. बग्गीच्या टपावर सामान चढवायला माकडाच्या पायाचा माणूस हवा, म्हणून सरकारांनी त्याला विलायतेला आणलेलं.

"माडांनी काय घोडं मारलं, सरकार?"

"तुमची माडी आंबट. कोमट. घोट घेतला की पितर आठवतात. आणि ही एल बघ! जवाची दारू, पण काय तिचा थाट!"

सरकारांना एलचा नादच लागला होता. अकरा दिवस इंग्लंडात नुसते हिंडत होते. रोज नवं गाव, नवा पब, नवं पिंप. पबांची दारं मेली बुटकी, आणि सरकारांना वाकायची सवय नाही. अकरा गावं, अकरा पब, कपाळावर अकरा टेंगळं! त्यातला लडलो गावचा हा 'लंगडं बदक' नावाचा पब त्यांना फारच आवडला. चार मग झाले होते.

"खरंय सरकार," शेजारून दाजीबा कारभाऱ्यांनी मान डोलावली. "माडी म्हणजे नुसतं आंबोण. म्हशीला घालावं."

"माडी गोड असते," धाकू म्हणाला.

"तीस वर्षं पितोय मी," सरकार गुरकावले.

"तरी गोडच असते, सरकार."

सरकार हट्टी. ते म्हणाले, "बरं. आठ दिवस दिले. इथंच, विलायतेत, माझ्यापुढं माडी ठेव. आणि माझ्याच तोंडून वदवून घे की दोष माडीचा नाही. नाही जमलं तर पहिली कुऱ्हाड तुझ्या माडावर."

दाजीबा पोट धरून हसले. सगळ्यात जवळचा माड म्हणजे बोटीनं तीन आठवडे!

धाकू डोकं खाजवत पबाच्या तळघरात उतरला. तिथं पबवाल्या हॉबडेबाई एल गार राहावी म्हणून पिंपांवर ओली पोती टाकत होत्या. आत काय आहे बघावं म्हणून धाकूनं एक पिंप कलतं केलं. बाईंनी फाडकन हातावर चापट मारली. मग गालाखाली हात घेऊन डोळे मिटून दाखवले. झोपलंय ते, हलवू नको.

धाकूला हसूच आलं. घरी त्याच्या मडक्याला कुणी धक्का लावला की तोही अस्संच करायचा. 'ही बाई आपल्यातलीच की,' तो मनात म्हणाला. तेवढ्यात त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

सकाळी त्यानं पाण्यासाठी घरून आणलेलं मडकं बाईंपुढं धरलं. बाईंनी भरून दिलं. पण हा ते बग्गीच्या टपावर बांधतोय म्हटल्यावर त्या बाहेर आल्या आणि त्यांनी त्याला असं झाडलं की घोडे बिचकले. धाकूला शब्द एक कळला नाही, म्हणणं सगळं कळलं.

तीन दिवस मडकं टपावर उन्हात भाजलं, दगडाधोंड्यांवरनं हिंदकळलं. चौथ्या दिवशी दुपारी वूस्टरच्या हॉटेलात धाकूनं ते दाजीबांपुढं ठेवलं.

"माडी आणलीय. सरकारांकडं घेऊन जा. अगदी घरच्यासारखं करा हं, कारभारीसाहेब."

दाजीबांनी घरच्यासारखंच केलं. मडकं हुंगलं, नाक मुरडलं, पायरीवर उन्हात ठेवलं आणि जेवायला गेले. जेवून, ढेकर देऊन, मग आत नेलं.

सरकारांनी मडकं ओळखलं. घोट घेतला. सगळं तोंड लिंबासारखं पिळलं.

"हीच! आंबट, कोमट, मेलेली! दाजीबा, बघा."

दाजीबांनी चाखलं. "आंबोण, सरकार. अस्सल वेळणगडचं."

"नक्की माडीच ना, सरकार?" धाकूनं भोळा चेहरा करून विचारलं.

"तीस वर्षं पितोय म्हटलं ना! कुठनं पैदा केलीस रे?"

"लंगड्या बदकातनं. सरकारांनी ज्या पिंपातले चार मग घेतले, त्यातलीच एल आहे ही."

दाजीबांनी हातातला पेला हळूच खाली ठेवला.

"मी काही केलं नाही," धाकू म्हणाला. "माडी जशी वाड्यावर येते तशी आणली, एवढंच. उन्हातनं, धक्के खात, आणि कारभारीसाहेबांचं जेवण होईस्तोवर पायरीवर बसून."

"पण ही तीन दिवस हिंडली," सरकार अडून बसले. "माडी तर पहाटे उतरते आणि दुपारी वाड्यात येते."

"माडी नाजूक, सरकार. एलला जे तीन दिवसांत होतं, ते तिला तीन तासांत होतं."

"मग माझ्यापर्यंत गोड पोचायची कशी?"

"पोचायचीच नाही. एल कुठं पोचते? एलसाठी सरकार अकरा गावं हिंडले. भर पावसात तिच्या दारात गेले, टेंगळं खाल्ली. माडीला मात्र हुकूम, वाड्यावर हजर हो! एकदा पहाटे तिच्याकडं या, सरकार. माडाला तर दारसुद्धा नाही. पगडी आपटायची भीती नाही."

सरकारांनी कपाळावरचं अकरावं टेंगूळ चाचपलं आणि असे खदखदून हसले की हॉटेलवाला धावत आला.

"दोष माडीचा नाही!" ते म्हणाले. "घे, वदलो. घरी गेल्यावर आपल्याच राज्यातली अकरा गावं हिंडायची, रोज पहाटे नव्या माडाखाली. पहिला माड तुझा. एकाही माडाला कुऱ्हाड लागणार नाही. आणि आजपासून तू बग्गीत माझ्या शेजारी बसायचं."

"मग टपावर सामान कोण सांभाळणार, सरकार?"

सरकारांनी दाजीबांकडं बघितलं. दाजीबांनी टपाकडं बघितलं.

"आणि दाजीबा," सरकार म्हणाले, "ते मडकं घट्ट धरा. हिंदकळू देऊ नका."