सगळ्याच गाड्यांचा आवाज

उदगीरच्या शैलजाबाई बिडवे यांनी हौसेने नवी गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येऊ लागला. आजारी सासऱ्यांना त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचं, म्हणून त्यांचा जीव धास्तावला. शोरूमवाल्यांनी दोनदा गाडी ठेवून घेतली आणि नुसती धुऊनपुसून परत दिली.

त्या पुन्हा गेल्या, तेव्हा मॅनेजर देवणीकर खुर्चीतून उठलेही नाहीत. "बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो."

"असं होय!" म्हणत शैलजाबाई शांतपणे उठल्या. बाहेर एक जोडपं त्याच मॉडेलची गाडी पसंत करत होतं. त्यांना त्या म्हणाल्या, "गाडी छान आहे हो. फक्त वळताना चाक कटकटतं. साहेब म्हणतात, सगळ्याच गाड्यांचं तसं आहे."

देवणीकर धावतच आले. "छे छे! आमच्या एकाही गाडीला असा आवाज नसतो!"

"मग माझ्या गाडीत बिघाड आहे, असंच ना?"

जोडपं साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलं. साहेबांनी मुकाट्याने मान डोलावली आणि मेकॅनिकला हाक मारली. त्या संध्याकाळी सासऱ्यांना शेजारी बसवून शैलजाबाई दवाखान्यात निघाल्या, तेव्हा प्रत्येक वळणावर गाडी गुपचूप वळली.