कळसासाठी पाटल्या

“...मग कळसावर नाव माझ्या एकट्याचंच घालायचं ना, बाबा?”

बसवंत होनराव विचारत होता. रेवणबाबांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर ते माझ्यासोबत शेंगा फोडत बसले होते.

बसवंताचं तालुक्याला भांड्यांचं दुकान. बाबांचा जुना शिष्य. पायऱ्या चढतानाच मोठ्यानं नाम घ्यायला लागायचा, म्हणजे कोण आलंय ते सगळ्यांना कळावं. मठाच्या कळसाला सोन्याचा मुलामा द्यायचं त्याच्या मनात होतं, आणि आज त्यानं रुमाल उलगडून बाबांपुढे दोन पाटल्या ठेवल्या होत्या.

“कुणाच्या?”

“घरच्याच आहेत.”

मग न विचारता त्यानं पाटल्यांची सगळी कहाणी सांगितली. त्याच्या बायकोनं, सुगलानं, दूध विकून आणि भिशी लावून त्या केल्या होत्या. दुकान काढताना गहाण पडल्या. त्याच्या आजारपणात परत पडल्या. दोन्ही वेळा सुटल्या. घरात शिल्लक म्हणावी अशी एवढीच. थोरल्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय, पण ते काय, होऊन जातं.

हे सांगताना तो हसत होता. माझं डोकं फिरलं. पण बाबांसमोर मी कोण बोलणार, शेंगा फोडत राहिलो.

“सोडवल्या कुणी?” बाबांनी विचारलं.

“...तिनंच. शेवया करून विकायची.”

“आणि आज दिल्या कुणी?”

“दिल्या म्हणजे... देवाचं काम आहे, बाबा. घरात मोठा मी. कुणीतरी ठरवायला नको का?”

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

बसवंताला वाटलं, पटलं. त्यानं पाया पडून तीर्थ मागितलं. तुमच्या हातचं तीर्थ घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाला.

बाबांनी पाण्याचा कटोरा जवळ ओढला. दोन्ही पाटल्या त्यात सोडल्या. बसवंतानं डोळे मिटून उजवा तळहात पुढे केला.

बाबा पाण्यातच पाटल्या चोळू लागले. नक्षीच्या खाचांत अंगठ्याचं नख घालून, सावकाश. पाणी पांढुरकं झालं. मग काठाकाठानं फेस आला.

“बसवंता, हे काय आहे?”

त्यानं डोळे उघडले. कटोऱ्यात वाकून पाहिलं.

“साबण,” तो म्हणाला. “हात जाड झालेत तिचे. निघत नव्हत्या...”

“काढल्या कुणी?”

“...मीच.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. हात जरा सोलला, तेव्हा रडली थोडी.”

इतक्या वर्षांत मी त्यांना असं संतापलेलं पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढला नाही. त्यांनी पाटल्या बाहेर काढल्या, स्वतःच्या उपरण्यानं पुसल्या, रुमालात बांधल्या आणि गाठोडं बसवंताच्या मांडीवर आदळलं. आत्ताच्या आत्ता घरी नेऊन तिच्या पुढ्यात ठेव, म्हणाले. घालायच्या की मोडायच्या ते ती बघेल.

बसवंत उठायला लागला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“तीर्थ राहिलं.”

फेस खाली बसत चालला होता. बाबांनी कटोरा त्याच्या तोंडाशी नेला.

“बाबा... साबणाचं पाणी आहे हे.”

“घरचंच आहे. पी.”