चिंचांच्या सावलीतली सभा

भर दुपारी राजा रणधवल नदीवरून परतला तो लालबुंद होऊन! सासुरवाडीचा लांबलचक पाहुणचार आटोपून तो आदल्याच दिवशी आला होता. आणि पाहतो तर राजवाड्यापासून घाटापर्यंतची चिंचेची झाडं साफ गायब!

"माझी सावली कुठे गेली?" दरबारात शिरताच तो गरजला.

"महाराज, समोरासमोर आलेल्या दोन पालख्या झाडांमुळे अडत होत्या," कारभारी भानजी म्हणाला. "म्हणून ठराव करून झाडं तोडली."

"ठराव केला कोणी?"

"सभेनं."

"सभेतल्या कोणी?"

भानजी डोकं खाजवू लागला. "ते कसं सांगणार? मतदान आवाजी होतं. काही 'हो' म्हणाले, काही 'नाही' म्हणाले. 'हो' जास्त मोठ्यानं ऐकू आलं."

राजानं एकेकाकडे बोट दाखवलं.

"मी? मी तर विरोधात होतो!"

"मला जांभई आली होती, महाराज. ती जरा 'हो'सारखी वाजली!"

सरदार धारराव तर रडवेला झाला. "मी मनातल्या मनात 'नाही' म्हणालो. फार जोरात!"

"मी खरंच 'नाही' म्हणालो होतो," म्हातारे नरसोपंत म्हणाले, पण त्या गलक्यात त्यांचं कोण ऐकणार?

"सगळेच विरोधात!" राजा ओरडला. "मग झाडं काय आपणहून आडवी झाली?"

"शक्य आहे, महाराज," धारराव म्हणाला. "चिंच फार मनाला लावून घेते."

दाराशी कोणीतरी फिस्सकन हसलं. ती होती गोजरा, चिंचेखाली ताक विकणारी. सावली गेल्यापासून तिचं ताक उन्हानं आंबून जाई आणि गिऱ्हाईक फिरकत नसे. तेच गाऱ्हाणं घेऊन ती आली होती.

"हसतेस काय?" राजा खवळला. "एवढी शहाणी असशील तर त्या दिवशीचा 'हो' त्यांच्याच तोंडून मला परत ऐकव! चाबूक नाही, शपथ नाही. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर जन्मभर माझ्या डोक्यावर छत्र धरून उन्हात चालायचं!"

गोजरानं छत्राकडे पाहिलं. ते छत्र म्हणजे लहानसं छप्परच होतं! पण माघार घेईल ती गोजरा कसली?

"ऐकवते की! फक्त उद्या दुपारची सभा मी सांगेन तिथे भरवा."

दुसऱ्या दिवशी माथ्यावर सूर्य आला आणि सभा भरली घाटाच्या रस्त्यावर. ना झाड, ना झुडूप.

"बसा मंडळी, सावलीत बसा!" गोजरा म्हणाली.

"सावली? कुठली सावली?" भानजी भडकला.

"चिंचेची! तुमच्यापैकी कोणीच 'हो' म्हणालं नाही ना? मग ठराव झालाच नाही. ठराव झाला नाही, तर झाडं तुटतील कशी? ती आहेत जिथल्या तिथे! ज्याला ऊन लागेल त्यानं खुशाल उठावं. फक्त झाडं कोणाच्या 'हो'नं तुटली, तेवढं सांगून जावं."

राजाची मिशी थरथरली. "बिनतोड बोललीस! बसा रे!"

मंडळी बसली, चटका बसताच उडाली आणि पुन्हा बसली. तेवढ्यात नरसोपंत आले, डोक्यावर छत्री घेऊन.

"पंत, सावलीत छत्री कशाला?" गोजरानं विचारलं.

"कसली सावली, पोरी? मी 'नाही' म्हणालो आणि हरलो. झाडं गेली. तेव्हापासून छत्री घेऊनच फिरतो."

"मग तुम्ही माझ्या घोंगडीवर बसा. हे घ्या ताक."

"मीही हरलोय!" भानजी ओरडला. "मलाही ताक!"

"तुमची छत्री कुठंय?"

"पालखीत कशाला लागते छत्री?" भानजी बोलून गेला.

"वा! काय गार झुळूक आली!" धारराव म्हणाला. त्याच्या मिशीचा कलप ओघळून हनुवटीवर आला होता.

"धारराव, वरून चिंच पडली वाटतं तोंडावर?" गोजरानं काळजीनं विचारलं.

धाररावाचा धीर सुटला. "हो!" तो किंचाळत उठला. "हो, हो, हो! मी म्हणालो होतो 'हो'!"

"हो! मीपण!" "हो! ती जांभई नव्हती!" सगळा रस्ता दणाणला.

"त्या दिवशीही 'हो' अगदी असाच दणदणीत झाला होता," भानजी भारावून म्हणाला. "सुरुवात मीच..." आणि त्यानं जीभ चावली.

"जिंकलीस, गोजरे!" राजा म्हणाला.

"थांबा महाराज. अजून एक जण राहिला."

"कोण?"

"ठरावाचा कागद शिक्क्यासाठी तुमच्या सासुरवाडीला गेला होता म्हणे. शिक्का उठवताना आपण काय म्हणालात?"

सगळ्यांच्या माना राजाकडे वळल्या. राजाला आठवलं. हातात आंबा होता, तोंडात आंबा होता, आणि कागद न वाचताच त्यानं मान डोलावली होती.

तो हसायला लागला. हसता हसता त्यानं मुकुट काढून नरसोपंतांकडे दिला, तापलेल्या धुळीत मांडी घातली आणि ओरडला, "हो! आई गं! हो!"

मग चोळत चोळत उठून त्यानं आपला मोत्यांचा कंठा गोजराच्या गळ्यात घातला. "आणखी काय हवं? माग!"

"झाडाचा, नदीचा, डोंगराचा ठराव असला की सभा त्याच जागी भरवा. 'हो' म्हणणाऱ्यानं उभं राहून सगळ्या गावासमोर आपलं नाव सांगायचं."

"दिलं! आणि नवी चिंच लावायची, पाणी या मंडळींनी घालायचं. ती वाढेपर्यंत राजवाड्यातला मोठा शामियाना तुझ्या ताकाच्या माठांवर!"

"पाणी पालखीतून आणलं तर चालेल का?" धाररावानं हळूच विचारलं.

"चालेल की!" गोजरा म्हणाली. "घागर आत बसवा, पालखी तुम्ही उचला!"