बाण नसलेले टॉर्पेडो

मिरजेच्या, पटावर खेळल्या जाणाऱ्या अवकाशयुद्धाच्या क्लबात अंतिम सामना जिंकेल त्याच्याकडे वर्षभर नियमांची वही राहायची. सात वर्षं ती वकील रत्नपारखींच्या काखेत होती.

यंदा समोर आसावरी होती. तिने पटावर बाण छापलेलं टॉर्पेडोचं कार्ड ठेवलं आणि पंख्याच्या वाऱ्याने ते फिरलं. ती ते सरळ करायला गेली, तोच वकील गरजले, "हात लावायचा नाही! बाण दाखवेल तिकडेच टॉर्पेडो जाणार. हेतू विचारात घेतला जात नाही."

टॉर्पेडो पटाबाहेर गेला.

चेव चढलेल्या वकिलांनी एवढे टॉर्पेडो सोडले, की कार्डं संपली. मग त्यांनी सारीपाटाच्या डब्यातले सहा चिंचोके आपल्या मुख्य जहाजापुढे ओळीने मांडले. "हेही टॉर्पेडोच!"

"निघालेत कुठे?" आसावरीने विचारलं.

"कुठे म्हणजे? तुझ्या जहाजावर!"

"तो झाला हेतू. बाण कुठाय?"

वकिलांनी एक चिंचोका उलटापालटा करून पाहिला.

"म्हणजे हे जागचे हलणार नाहीत," ती म्हणाली. "आणि जहाजाने प्रत्येक डावात पुढे गेलंच पाहिजे, वाटेतल्या टॉर्पेडोवर आपटलं की ते फुटतं, आणि मुख्य जहाज फुटलं की सामना गेला, हे तुमच्याच वहीत आहे. जहाज सरकवा काका, आणि पाठोपाठ वहीही इकडे सरकवा."