पिवळी बशी

“...पण बाई, ते प्रथिन काही घडवत नाही, काही मोडत नाही. पेशीच्या पडद्यात बसून आतलं लॅक्टेट, साखर वापरून उरलेला आंबट कचरा, बाहेर टाकतं, बस्स. असल्या केर काढणाऱ्यावर मी उमेदीची वर्षं का घालवू?”

रेवणसिद्ध हिरेमठ विद्यापीठात पहिला आलेला. कुमुदिनी राजाध्यक्षांच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली तेव्हा मित्रांनी त्याचा हेवा केला होता. आता त्याला विषय बदलून हवा होता.

बाईंनी वाद घातला नाही.

“आधी ते बंद पाडून बघ. मग बदलू.”

रेवणने स्नायूंच्या पेशींच्या दोन बशा घेतल्या. एकीत प्रथिन अडवणारं औषध सोडलं. साध्या बशीतला, पेशींना पोसणारा साखरेचा गुलाबी द्रव आंबत पिवळा पडत गेला. औषधाच्या बशीतला मात्र स्वच्छ गुलाबी राहिला. रेवण खूश झाला. मग त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला...

गुलाबी बशीतल्या पेशी मरत होत्या.

उपाशी असतील, म्हणून त्याने साखर वाढवली. त्या आणखीच भराभर मेल्या.

तो मान खाली घालून बाईंकडे गेला.

“कशाने गेल्या?”

“आतल्या आत... आपल्याच आंबटाने.”

“आणि पिवळ्या बशीतल्या?”

“ठणठणीत आहेत.”

तो पिवळा द्रव मोरीत ओतणार, इतक्यात बाईंनी त्याचा हात धरला.

त्यात साखर उरलीच नव्हती. बाईंनी तो गाळला, त्याचा आंबटपणा मारला आणि उंदराच्या हृदयाच्या पेशींवर सोडला. बराच वेळ गेला. मग बाई सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकल्या.

“बघ.”

पेशी धडधडत होत्या. सगळ्या एका लयीत.

“साखरेशिवाय? मग या कशावर...” तो बोलता बोलता थांबला. “इथेही तेच प्रथिन?”

“त्याचंच भावंड. हे तेच लॅक्टेट आत घेतं, जाळायला.”

रेवणचा डोळा तिथून हलेना. बाईंनी हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच उमगलं, सांगितलं असतं तर आपण ऐकलं नसतं.

“बाई,” त्याने हळूच विचारलं, “मग शरीरात टाकाऊ असं काय असतं?”

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या...

“शोधतेय. अजून सापडलं नाही.”