नखाएवढ्या चिपची किंमत

"…पण बाबा, किंमत किती सांगू?"

टेकडीवरच्या हुसेनबाबा फकिराला हे इचारणारा निनाद खळदकर. पुन्याचा मोठा इंजिनेर. पायात पांढरे बूट, टेकडी चढून तांबडे झालेले.

बाबा भाकरी खात व्हते. "कशाची?"

"चिपची. नखाएवढी असते. तिच्यात वीज धावते. मी विजेला जवळची वाट काढून दिली. अकरा वर्षं लागली. आता पेटंट मिळालंय. माझ्या परवानगीशिवाय त्या वाटेनं कुणी जायचं नाही."

"मग चाल की तूच."

"कारखाना नाही माझा. वाट भाड्यानं द्यायची. मोठी कंपनी म्हणते, फक्त आम्हालाच द्या, पाच कोटी घ्या. नाशिकचा एक जण कानातली यंत्रं करतो. बहिऱ्यांसाठी. त्याचा सेल चार दिवसांत संपतो, माझ्या चिपवर महिनाभर चालेल. पण तो देणार चिमूटभर. कंपनीला आत्ता उत्तर हवंय."

बाबांनी पेटंटचा कागद हातात घेतला. उलटा. "वाट लिवलीया ह्यात?"

"सगळी. नकाशासकट. उघड केल्याशिवाय हक्कच मिळत नाही."

"म्हंजे कुनीबी वाचावी."

"हो."

"चालावी?"

"नाही."

बाबा हसले. भाकरीचा तुकडा दाढीत अडकला. "आन् कंपनी चालंल?"

"…नाही. त्यांची जुनी चिप अजून खपतेय. ही कपाटात ठेवतील."

"पाच कोटीचं कपाट. आमच्यात एवढ्याचा गाव येतो."

निनादला लागलं ते. "तुम्ही विंचवाचं औषध देता ना? कुठली मुळी ती?"

"सांगायची न्हाई. चंद्राला गिरान लागलं की एकाच चेल्याला सांगत्यात."

"मग तुम्हीही कपाटच की, बाबा."

बाबांनी दाढीतला तुकडा काढला…

तेवढ्यात खालून बोंब आली. दगू गवंड्याला विंचू चावलेला. दोघांनी उचलून आणला. ह्याच दगूनं मागच्या साली बाबांची झोपडी पाडायचा अर्ज केलेला.

बाबा जेवण टाकून उठले. बोलावणं आलं की घास तोंडात घालायचा न्हाई, असं त्यांच्या गुरूचं बंधन.

"इंजिनेर, पाय धर त्याचा. घट्ट."

निनाद मातीत बसला. दगूनं त्याला आईवरून शिव्या दिल्या. खिशात फोन वाजाय लागला. कंपनीचा. वाजून वाजून गप झाला.

बाबांनी मुळी उगाळून लावली. मुळीनं उतरलं का बाबांच्या उलट शिव्यांनी, अल्लाला ठावं. पर घटकाभरानं दगू उठून बसला. पन्नासाची नोट काढली.

"ठेव ती. पैसा घेतला की मुळीचा गुण मरतो."

दगू लाजला. मग गूळ-पाणी प्याला. मग तर हसायबी लागला, इंजिनेराच्या बुटाकडं बघून.

फोन पुन्हा वाजला.

निनाद हातात धरून बसला. बोटं मातीनं भरलेली. "बाबा, तेच आहेत… सांगा ना. किंमत किती?"

बाबांनी दगूकडं बोट केलं.

"ह्याला इचारायची. पर आता काय उपेग… ठनकत व्हतं तवा इचारायची."